सॉफ्टवेअर रेडवर लिनक्स बसवलं, पण मशीन उठत नाही: आधी कुठे अडलंय ते ओळखा

मे महिन्यातली सकाळ. साडेआठ वाजले नाहीत तर नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानातून फोन. "भाऊ, मशीन उठूनच नाही राहिली. काळ्या पडद्यावर काहीतरी लिहून आलं अन् तिथंच थांबली." आदल्या रात्री त्यांच्या ओळखीच्या एका मुलाने २ टीबीच्या दोन नव्या डिस्क लावून, रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच माल, आरशासारखा) करून, त्यावर लिनक्स बसवलं होतं. इन्स्टॉलरने शेवटी 'झालं' म्हणून सांगितलं, मुलाने मशीन बंद केली आणि तो घरी गेला. मी म्हटलं, "सगळ्यात खाली काय लिहिलंय तेवढं वाचा." त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. कंसात 'इनिटरॅमएफएस' असं निघालं. फोनवरच अर्धं काम झालं. डिस्क शाबूत, ग्रब (लिनक्सला उठवणारा बूटलोडर) शाबूत, हिशेब शाबूत. अडलं होतं ते पुढे.

रेडची मशीन उठली नाही की 'रेड तुटलं' असंच माणूस धरून चालतो आणि नेमकं जे शाबूत आहे त्यालाच हात घालतो. नवीन इन्स्टॉलेशननंतर ॲरे, म्हणजे रेडने एकत्र बांधलेल्या डिस्क, बहुतेक वेळा धडधाकट असतो. तिथवर पोहोचायची वाट तेवढी अर्धवट बांधलेली असते.

एक सूचना. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांतच करायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे सांगेन. ॲरे बनवायचं-जोडायचं ज्या हत्याराचं नाव सारखं येणार आहे ते 'एमडीएडीएम', म्हणजे एम, डी, ए, डी, एम अशी पाच अक्षरं.

मशीन उठते म्हणजे काय होतं

चार जण एकामागून एक काम हातात घेतात. पहिलं मदरबोर्डचं फर्मवेअर, जुनं बायोस किंवा नवं यूईएफआय. दुसरा ग्रब. तिसरी इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलसोबत मेमरीत येणारी छोटीशी तात्पुरती फाइल सिस्टीम. चौथी तुमची खरी रूट फाइल सिस्टीम आणि बाकी सगळं सुरू करणारं सिस्टमडी.

यात फर्मवेअरला लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड अजिबात कळत नाही. त्याला दोन सुट्या डिस्क दिसतात, बस. ग्रबला कळतं, पण त्याच्या गाभ्यात रेडचं मॉड्यूल घातलेलं असेल तरच. इनिटरॅमएफएसला कळतं, पण तिच्यात एमडीएडीएम आणि त्याची कॉन्फिग फाइल भरलेली असेल तरच. ॲरे रूट फाइल सिस्टीमचा, आणि तो जोडायचं हत्यारही त्याच ॲरेत ठेवलेलं. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावल्यासारखं. म्हणून त्या हत्याराची एक प्रत बाहेर, इनिटरॅमएफएसमध्ये, ठेवावी लागते.

आता पडद्यावरची शेवटची ओळ बघा. 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' अशा अर्थाचं असेल किंवा मशीन परत परत बायोसमध्येच जात असेल, तर घोडं पहिल्या टप्प्यावर अडलंय. 'ग्रब रेस्क्यू' दिसलं तर दुसऱ्या. 'इनिटरॅमएफएस', किंवा फेडोरा-आल्माच्या घराण्यात 'ड्रॅकट' असेल तर तिसऱ्या. 'इमर्जन्सी मोड' म्हणून रूटचा पासवर्ड मागत असेल तर तुम्ही जवळजवळ घरी पोहोचलात. मोबाइलने फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांनी तीन गोष्टी करून बघितल्यावर मूळ ओळ काय होती ते कुणालाच आठवत नाही.

काय करायचं नाही

एमडीएडीएमची '--क्रिएट' ही आज्ञा दुरुस्तीसाठी नाही. आधीच्या ॲरेवर ती चालवली तर नवा सुपरब्लॉक (ॲरेची माहिती, म्हणजे मेटाडेटा, ठेवायची जागा) लिहिला जातो, ॲरेचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो, आणि डिस्कचा क्रम किंवा डेटा सुरू होण्याची जागा चुकली तर आतला माल गेलाच समजा. जोडण्यासाठी '--असेम्बल' आहे. हे दोन शब्द शेजारी लिहून भिंतीवर चिकटवा.

दुसरं, रेड १ चा एकच अर्धा सुटा माउंट करू नका. मेटाडेटा १.२ असेल तर लिनक्स तसं करूही देत नाही, कारण सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसलेला असतो आणि डेटा त्याच्याही पुढे सुरू होतो. पण ०.९० किंवा १.० मध्ये सुपरब्लॉक शेवटी असतो, त्यामुळे अर्धा भाग साध्या पार्टिशनसारखा दिसतो आणि माउंट होऊ शकतो. त्यावर काही लिहिलं गेलं की दोन्ही आरशांत वेगळे चेहरे.

पेनड्राइव्हवरून आत शिरा

बहुतेक दुरुस्तीला लाइव्ह यूएसबी लागते. सिस्टमरेस्क्यू सोयीची, तिच्यात एमडीएडीएम आधीच असतं. मूळ लिनक्स यूईएफआय पद्धतीने बसवलेलं असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करा. '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही डिरेक्टरी दिसली म्हणजे तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. हे न बघता लोक तासभर ग्रब बसवत राहतात.

आधी फक्त बघायचं. 'एलएसबीएलके -एफ' ने डिस्क, पार्टिशन आणि त्यांचे प्रकार दिसतात. 'एमडीएडीएम --एक्झामिन' पुढे पार्टिशनचं नाव दिलं की मेटाडेटाची आवृत्ती, ॲरेचा यूयूआयडी आणि 'इव्हेंट्स' हा ॲरेतल्या बदलांच्या मोजणीचा आकडा दिसतो. दोन्ही भागांचे इव्हेंट्स सारखे असतील तर निश्चिंत व्हा. मग 'एमडीएडीएम --असेम्बल --स्कॅन', आणि 'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट'. तिथे चौकटी कंसात 'यूयू' म्हणजे दोघं हजर. 'यू_' म्हणजे एक गैरहजर.

ॲरेचं नाव एमडी० ऐवजी एमडी१२७ दिसलं तर घाबरू नका. लाइव्ह यूएसबीचं होस्टनेम वेगळं असतं, म्हणून ती या ॲरेला परका समजते आणि १२७ पासून उलटे आकडे देत जाते.

आता तो '/एमएनटी' वर माउंट करा. '/बूट' वेगळ्या ॲरेवर असेल तर तो '/एमएनटी/बूट' वर, आणि ईएफआय पार्टिशन '/एमएनटी/बूट/ईएफआय' वर. मग 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' ही चारही 'माउंट --आरबाइंड' ने आत जोडा. साध्या '--बाइंड' ने 'सिस' च्या पोटातली ईएफआय व्हेरिएबल्स आत येत नाहीत आणि पुढे बूट नोंद करताना अडतं. शेवटी 'सीएचरूट /एमएनटी'. आता तुम्ही स्वतःच्याच बसवलेल्या सिस्टीममध्ये आहात, फक्त खिडकीतून शिरलात.

इनिटरॅमएफएसवर अडलं असेल तर

इतवारीची मशीन इथेच होती. काळ्या पडद्यावर, रूटचा अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही अशी ओळ आणि खाली बिझीबॉक्सचा छोटा शेल. हा शेल कामाचा आहे. आधी 'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट'. मग 'एमडीएडीएम --असेम्बल --स्कॅन' देऊन बघा. ॲरे जोडला गेला तर 'एक्झिट' लिहा, मशीन पुढे निघते. ॲरे दिसतोय पण निष्क्रिय आहे, तर 'एमडीएडीएम --रन /डेव्ह/एमडी०'.

आणि एमडीएडीएम नावाची आज्ञाच नाही असं उत्तर आलं तर? तिथे तेच झालं होतं. त्या मुलाने उबुंटू डेस्कटॉपची लाइव्ह सुरू केली, तिथे एमडीएडीएम बसवून हाताने ॲरे बनवला आणि मग नेहमीचा इन्स्टॉलर चालवला. एमडीएडीएम लाइव्हमध्ये बसलं, नव्या सिस्टीममध्ये नाही. लाइव्ह बंद, हत्यार गायब. मुलगा हुशार होता, कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. उबुंटूचा सर्व्हर इन्स्टॉलर किंवा डेबियनचा इन्स्टॉलर वापरून ॲरे त्याच्याच मेनूतून केला तर हा प्रश्न येत नाही. दुकानाच्या मशीनला मी तरी तेच वापरतो.

उपाय सीएचरूटमध्ये. 'एपीटी इन्स्टॉल एमडीएडीएम' करा. मग 'एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन' जी 'ॲरे' ने सुरू होणारी ओळ देईल ती '/ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ' मध्ये टाका. फेडोराच्या घराण्यात फाइल थेट '/ईटीसी' मध्ये असते. दोन बाणांनी (>>) ओळ जोडताना आधीची जुनी ओळ तशीच राहते आणि एकाच ॲरेच्या दोन नोंदी होतात, म्हणून फाइल उघडून डोळ्यांनी बघा. लाइव्हमधलं एमडी१२७ हे नाव तिथे आलं असेल तर एमडी० करा.

यानंतरची पायरी लोक हमखास विसरतात. कॉन्फिग फाइल बदलली म्हणून इनिटरॅमएफएस आपोआप बदलत नाही. तिच्यात जुनीच प्रत बसलेली असते. डेबियन-उबुंटूत 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' द्या. फेडोरा, आल्मामध्ये 'ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल'. आर्चमध्ये 'एमकेइनिटसीपीआयओ' च्या हुक्समध्ये 'एमडीएडीएम_यूडेव्ह' हे 'फाइलसिस्टम्स' च्या आधी लिहून मग '-पी' ने चालवा, हा पी मात्र मोठा (कॅपिटल). खरंच आत गेलं का ते डेबियन-उबुंटूत 'एलएसइनिटरॅमएफएस' च्या यादीत एमडीएडीएम शोधून बघता येतं. मी न बघता कधीच रीस्टार्ट करत नाही.

दोन यूयूआयडींचा घोळही इथलाच. ॲरेचा यूयूआयडी वेगळा, त्याच्यात दुहेरी बिंदू असतात. तो एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये जातो. ॲरेवरच्या फाइल सिस्टीमचा यूयूआयडी वेगळा, त्यात आडव्या रेघा. तो 'बीएलकेआयडी' ने मिळतो आणि 'एफएसटॅब' मध्ये, म्हणजे काय कुठे माउंट करायचं त्या यादीत, जातो. अदलाबदल झाली की सगळं बरोबर लिहूनही मशीन ढिम्म.

सगळं नीट आहे, हाताने जोडलं की जुळतं, पण आपोआप जुळत नाही, असंही होतं. डिस्क एखाद्या संथ कंट्रोलरमागे असेल तर कर्नल शोधायला जातो तेव्हा ती जागीच झालेली नसते. डेबियनच्या घराण्यात कर्नलच्या ओळीत 'रूटडिले=१०' टाकून बघा.

ग्रब रेस्क्यूवर अडलं असेल तर

ग्रबचा गाभा उठला, पण त्याला स्वतःची बाकीची मॉड्यूल्स सापडेनात. 'एमडीयूयूआयडी' ने सुरू होणारी लांबलचक डिस्क सापडत नाही असं लिहिलं असेल, तर गाभ्यात कोरलेला ॲरेचा यूयूआयडी आणि आताचा यूयूआयडी जुळत नाहीत. एक तर कुणीतरी '--क्रिएट' चालवलंय, किंवा मशीन भलत्याच डिस्कवरच्या जुन्या ग्रबने उठायला बघतेय. सीताबर्डीतून आणलेली वापरलेली डिस्क लावली असेल तर दुसरी शक्यता आधी तपासा.

'एलएस' द्या. यादीत 'एमडी/०' सारखं काही असेल तर नशीब चांगलं. 'सेट रूट=' पुढे ते कंसात लिहा, 'सेट प्रीफिक्स=' पुढे तेच लिहून त्याला '/बूट/ग्रब' जोडा, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल'. बूट वेगळ्या ॲरेवर असेल तर नुसतं '/ग्रब'. मेनू आला की आत जाऊन ग्रब पुन्हा बसवा, नाहीतर दर सकाळी हेच मंत्र म्हणावे लागतील. यादीत एमडी नसेलच तर इथे वेळ घालवू नका. सीएचरूटमध्ये जाऊन 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' करा. मूळ ॲरे नीट माउंट असेल तर लागणारं रेडचं मॉड्यूल ग्रब-इन्स्टॉल स्वतःच गाभ्यात घालतो.

फर्मवेअरलाच काही सापडत नसेल तर

इथे बायोस आणि यूईएफआय यांचे रस्ते वेगळे होतात.

जुन्या बायोसवर ग्रबचा गाभा डिस्कच्या सुरुवातीला बसतो. एमबीआरमध्ये (पार्टिशनची जुनी मांडणी) बूटचा कोड फक्त ४४६ बाइटचा, म्हणून बाकीचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवतात. जीपीटीमध्ये (नवी मांडणी) मात्र ग्रबला त्यासाठी वेगळं 'बायोस बूट' पार्टिशन लागतं, १ एमबी पुरे, त्यावर फाइल सिस्टीम नको. ते नसेल तर ग्रब-इन्स्टॉल तक्रार करतो. आता डिस्क तर पूर्ण भरलीय, ॲरे हलवायचा कसा? हलवायचा नाही. जीपीटीची यादी सेक्टर ३३ ला संपते आणि पहिलं पार्टिशन सहसा २०४८ वर सुरू होतं. मधले ३४ ते २०४७ हे सेक्टर रिकामेच असतात. 'एसजीडिस्क' मध्ये '-ए १' देऊन तेवढ्यातच ईएफ०२ प्रकारचं पार्टिशन बसतं. ही युक्ती कळण्याआधी मी एक अख्खी मशीन पुन्हा बसवली होती.

आणि ग्रब दोन्ही डिस्कवर बसवा. 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए', मग 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी'. पार्टिशनवर नाही, एमडी० वर नाही, पूर्ण डिस्कवर. डेबियनच्या घराण्यात 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' मधून दोन्ही डिस्कवर खूण केली की पुढच्या अपडेटलाही तो दोन्हीकडे लिहितो.

यूईएफआयला फॅटमधलं ईएफआय पार्टिशन हवं असतं, आणि रेडचा आरसा तिथे आपोआप लागत नाही. बहुतेक इन्स्टॉलेशनमध्ये ते एकाच डिस्कवर जिवंत असतं. दुसरीवर जागा सोडलेली असली तरी आत काही नसतं. मग पहिली डिस्क मेली की ॲरे सहीसलामत आणि मशीन मुकी. यावर काही जण ईएफआय पार्टिशनचाच रेड १ करतात, मेटाडेटा १.० ठेवून, म्हणजे फर्मवेअरला तो साधा फॅट वाटतो. फेडोराचा इन्स्टॉलर तसं करू देतो. चालतं, पण फर्मवेअरने एखादी फाइल एकाच बाजूला लिहिली तर लिनक्सला पत्ता लागत नाही. मला दोन सुटी पार्टिशनं बरी वाटतात. दुसरं '/बूट/ईएफआय२' वर माउंट करायचं, 'ग्रब-इन्स्टॉल' ला '--ईएफआय-डिरेक्टरी' मध्ये तो पत्ता द्यायचा आणि सोबत '--रिमूव्हेबल'. त्याने ग्रब 'ईएफआय/बूट' डिरेक्टरीत 'बूटएक्स६४.ईएफआय' या नावाने बसतो. ती जागा फर्मवेअर नोंद नसतानाही धुंडाळतं. मग 'ईएफआयबूटएमजीआर' ने नोंदींची यादी बघून घ्या.

बायोसमध्ये साटा मोड 'रेड' असा ठेवलेला असेल तर तो एएचसीआय करा. नाव सारखं म्हणून लोक उत्साहाने तेच निवडतात. ते मदरबोर्डचं रेड, आपलं नव्हे. काही मशीनवर त्या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क लिनक्सला दिसतच नाही. वापरलेल्या डिस्कवर अशा रेडचे जुने ठसेही असतात. 'वाइपएफएस' नुसतं चालवलं तर फक्त ठसे दाखवतं, '-ए' दिलं की पुसतं. पुसणं इन्स्टॉलेशनच्या आधी, नंतर नाही.

इमर्जन्सी मोड

दीड मिनिट वाट बघून पासवर्ड मागतो? 'एफएसटॅब' मधली एखादी ओळ आता नसलेल्या डिस्ककडे बोट दाखवतेय. बहुतेक वेळा ते दुसरं ईएफआय पार्टिशन असतं. त्या ओळीत 'नोफेल' घाला. रूटच्या ओळीत घालू नका.

उन्हाळा आणि लाइट

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुकानातल्या माळ्यावरच्या मशीनला कूलरचा वाराही लागत नाही, आणि लाइट दुपारी जाते. बहुतेक डेस्कटॉप डिस्क ६० अंशांपर्यंतच्या असतात. 'स्मार्टसीटीएल -ए' ने तापमान बघत चला. रेड ५ असेल, एक डिस्क आधीच बाद असेल आणि तशात लाइट गेली, तर कर्नल तो ॲरे सुरू करायला नकार देतो, कारण पॅरिटी (गेलेली डिस्क भरून काढायचा हिशेब) खरी की खोटी ते त्याला ठरवता येत नाही. तेव्हा प्रत्येक भागाचे इव्हेंट्स बघा. थोडाच फरक असेल तर '--असेम्बल --फोर्स'. एखादी डिस्क हजारोंनी मागे असेल तर तिला बाहेर ठेवून बाकीच्या जोडा. आधी शक्य असेल तर डिस्कची प्रत काढा. यूपीएसचे पैसे यापुढे कमीच वाटतात.

डिस्क काढून बघा

हे केल्याशिवाय मी मशीन ताब्यात देत नाही. 'यूयू' दिसतंय, दोन्ही डिस्कची जुळणी (सिंक) पूर्ण झालीय, हे बघा. मशीन बंद करा. पहिल्या डिस्कची केबल काढा. सुरू करा. थोडं रेंगाळून का होईना, लॉगिन आलं पाहिजे. परत बंद, केबल परत लावा, सुरू करा. आता ती डिस्क आपोआप ॲरेत येत नाही. ती मागे पडलीय म्हणून कर्नल तिला बाजूला ठेवतो आणि लॉगमध्ये तसं लिहितो. 'एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड /डेव्ह/एसडीए२' असं सांगून तिला आत घ्या. तुमच्याकडे पार्टिशनचा आकडा वेगळा असेल, तो बघून. जुळणी पूर्ण होऊ द्या आणि मगच दुसऱ्या डिस्कवर हाच प्रयोग करा. घाईत दोन्ही केबल पाठोपाठ काढल्या तर जुनी डिस्क नव्यावर स्वार होते.

इतवारीत पहिली केबल काढली तेव्हा सेठजी गल्ल्यावरून उठून आले. "भाऊ, हे काऊन तोडून राहिले तुम्ही? आत्ताच तं नीट झाली." मशीन दुसऱ्या डिस्कवर उठली, हिशेब उघडला, तेव्हा बसले. केबल परत लावून '--ॲड' दिलं. मोठ्या ॲरेवर एमडीएडीएम बिटमॅप (कुठला भाग बदलला त्याची नोंद) आपणहून ठेवतं, त्यामुळे बदललेला भाग तेवढाच जुळतो आणि दोन मिनिटांत काम होतं. त्या मुलाने मात्र बिटमॅप बंद करून ॲरे बनवला होता. २ टीबी, सेकंदाला साधारण १५० एमबीचा वेग, म्हणजे पावणेचार तास. 'एमडीस्टॅट' मधली टक्केवारी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी '--ग्रो --बिटमॅप=इंटर्नल' ही ओळ चिठ्ठीवर लिहून मुलाच्या हातात दिली, जुळणी संपली की चालव म्हणून, आणि समोरच्या टपरीवर तर्री पोहे खायला गेलो.